आयरिश आणि इंग्रजी नावं-आडनावं : अर्थ काय, आली कुठून?

केतकी_कॉर्क

नमस्कार मंडळी. आम्ही आयर्लंडमध्ये कॉर्कला राहतो आणि इथे आल्यापासून मला नावांचं वेड लागलंय. टीममध्ये एक नीव्ह आहे, तिचं स्पेलिंग एन-आय-ए-एम-एच. एक कीव्हा आहे, ती लिहिते सी-ए-ओ-आय-एम-एच-ई. टाइग नावाचा मुलगा लिहितो टी-ए-डी-एच-जी. आडनावांत अर्ध्यांना ओ, उरलेल्यांना मॅक, शिवाय मर्फी आणि केली तर पावलापावलाला. इंग्रजी नावं आपल्याला शाळेपासून ओळखीची, पण स्मिथ म्हणजे लोहार यापलीकडे त्यांचंही मला काही माहीत नाही.

तर एक, ही आयरिश नावं वाचायची कशी आणि त्यांचे अर्थ काय? दोन, आयरिश आणि इंग्रजी आडनावं बनली कशी?

आणि खरं निमित्त हे की घरात पाळणा हलणार आहे. नाव मराठीच ठेवायचं आहे, पण साताऱ्याच्या आजीला हाक मारता आली पाहिजे आणि इथल्या शाळेतल्या बाईंनाही. दोन्हीकडे चालेल असं काही सुचलं तर जरूर सांगा.

रानवाटा

अभिनंदन केतकी! धागा झकास. वाचतोय.

व्यंजनसंधी

आधी स्पेलिंगचं बघू. ती विचित्र नाहीत, उलट इंग्रजीपेक्षा जास्त नियमात आहेत. नियम फक्त आयरिशचे आहेत.

आयरिशमध्ये काही ठिकाणी व्यंजन सैल होतं. ब चा व्ह होतो, म चा व्ह किंवा व, त चा नुसता ह. जुन्या गेलिक (म्हणजे आयरिश) अक्षरांत असं सैल झालेलं व्यंजन दाखवायला त्याच्या डोक्यावर एक टिंब देत. उर्दू शब्द लिहिताना हिंदीवाले ज खाली नुक्ता देतात तसं, फक्त वरच्या बाजूला. विसाव्या शतकाच्या मध्यात छपाई साध्या रोमन टाइपात आली आणि टिंबाच्या जागी सगळीकडे एच लिहिणं रूढ झालं. म्हणून नीव्हच्या शेवटी दिसतो तो एच नाही, ते म वरचं टिंब आहे. असं बघितलंत की कीव्हाही लगेच वाचता येईल.

अर्थ : नीव्ह म्हणजे तेज, झळाळी. कीव्हा म्हणजे कोमल, देखणी. टाइग म्हणजे कवी. सर्शा (अभिनेत्री सर्शा रोननमुळे आता जगाला माहीत झालेलं) म्हणजे स्वातंत्र्य. उशीन म्हणजे छोटं हरीण, पाडस. दंतकथेत उशीनची आई हरणी झालेली असते, म्हणून हे नाव. पुढे नीव्ह त्याला पांढऱ्या घोड्यावर बसवून चिरतारुण्याच्या देशात नेते. तो परततो तेव्हा आयर्लंडात ३०० वर्षं उलटलेली असतात आणि घोड्यावरून जमिनीला पाय लागताक्षणी तो जख्ख म्हातारा होतो. तुमच्या टीममधल्या नीव्हला विचारा, तिला ही गोष्ट तोंडपाठ असेल.

आणखी एक. आपण 'सदाशिव'ला हाक मारताना 'सदाशिवा' म्हणतो, तसं आयरिशमध्येही हाकेत नाव बदलतं, पण सुरुवातीला. शॉन समोर आला की 'अ ह्यॉन'. शेमसचं हाकेचं रूप ऐकून स्कॉटलंडात हेमिश हे वेगळंच नाव तयार झालं.

फुलपाखरू_दादर

व्यंजनसंधी, टिंबाचं माहीतच नव्हतं. शॉन, शिव्हॉन ही अगदी अस्सल जुनी आयरिश नावं ना?

व्यंजनसंधी

नाही, गंमत तिथेच आहे. शॉन, शिव्हॉन आणि शिनेड ही तिन्ही जॉनच्याच घराण्यातली. १२व्या शतकात नॉर्मन (उत्तर फ्रान्सकडचे) आले, त्यांच्या फ्रेंचमधलं जेहान इथे शॉन झालं, स्त्रीरूपाचं शिव्हॉन झालं, जानेतचं शिनेड. आज आयर्लंडबाहेर कुणालाही विचारा, सगळ्यात आयरिश नाव कुठलं तर शॉन म्हणतील.

मालवणी_मेवा

आयर्लंडचा विषय निघाला आणि आमच्या वराडाचं नाव नाही असं कसं चालेल! लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले (तिथे त्या पदाला टीशॉख म्हणतात), तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१९ च्या डिसेंबरात ते गावी येऊन गेले, तेव्हा अख्खं गाव लोटलं होतं.

आडनावाच्या दृष्टीने बघा, ओ आणि मॅक माणसाकडे बोट दाखवतात, आपला कर गावाकडे. ओ आणि मॅकच्या त्या सगळ्या यादीत एक 'कर' जाऊन बसला, याचा मला फार अभिमान वाटतो.

गोदातीर

मेवा, अगदी. तोच धागा पुढे नेतो, जरा लांबेल.

मॅक म्हणजे मुलगा. ओ म्हणजे नातू, आणि पुढे वंशज. आयर्लंडमध्ये पिढीजात आडनावं फार लवकर आली, युरोपात सगळ्यात आधी जिथे रुजली त्या देशांपैकी तो एक. ९१६ साली वारलेल्या एका सरदाराच्या नोंदीत 'ओ क्लेरी' हे आडनाव आहे. ओ क्लेरी म्हणजे धर्मगुरूचा नातू. म्हणजे आपल्याकडे यादवांचं राज्य जेमतेम उभं राहत होतं तेव्हा तिथे आडनाव चालू होतं.

ओ'ब्रायन मंडळी ब्रायन बोरूची. हा राजा १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत पडला, त्याच्या नातवंडांपासून हे आडनाव. आणि ब्रायनच्या बापाचं नाव होतं किनेजी, त्याच नावावरून केनेडी. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या केनेडींच्या आडनावाचा अर्थ काहीजण 'शिरस्त्राण घातलेलं डोकं' लावतात, काहीजण 'बेढब डोकं'. जुन्या राजांना टोपणनाव देताना कुणी भीडभाड ठेवत नसे.

१८९० च्या जन्मनोंदींवरून सरकारने आडनावांची यादी केली होती, त्यात वरचा क्रम असा : मर्फी, केली, सुलिव्हन, वॉल्श, स्मिथ. केतकी, पावलापावलाला मर्फी भेटतो तो उगीच नाही, आणि कॉर्क तर मर्फींचं माहेरघर. मर्फी मूळ ओ मुरखू, मुर म्हणजे समुद्र आणि पुढच्या तुकड्यात लढाई, म्हणून समुद्रयोद्धा. सुलिव्हनमधला सूल म्हणजे डोळा. पुढच्या तुकड्याबद्दल जाणकारांत भांडण आहे, कुणी काळ्या डोळ्यांचा म्हणतं, कुणी एकाक्ष. वॉल्श म्हणजे वेल्सहून आलेला, नॉर्मनांच्या लष्कराबरोबर आलेली माणसं.

डॉइल हे माझं आवडतं. दुव म्हणजे काळा, गाल म्हणजे परका. 'काळे परके' म्हणजे व्हायकिंगांचा एक गट. मॅकॉलिफमध्ये ओलाफ दडलाय, मॅकमॅनसमध्ये मॅग्नस, कॉटरमध्ये ओट्टर. जे लुटायला आले ते दोन-तीन पिढ्यांत आयरिश आडनावाचे झाले. तो गाल डोनेगॉल जिल्ह्याच्या नावातही आहे : परक्यांचा किल्ला.

फुलपाखरू_दादर

मला ओ म्हणजे इंग्रजी 'ऑफ' वाटायचं. ओ'क्लॉकसारखं.

गोदातीर

पुष्कळांना वाटतं. आयरिशमध्ये ओ वर एक तिरकी रेघ असते, दीर्घ उच्चाराची खूण. इंग्रज कारकुनांनी ती उचलून ओ च्या शेजारी आणून ठेवली. ते वरचं स्वल्पविरामासारखं चिन्ह मूळ आयरिशमध्ये नाहीच.

बिटबाइट

त्या चिन्हाने माझ्या पोटावर पाय आणलेत. आधीच्या नोकरीत ओ'ब्रायन, ओ'नील असं आडनाव टाकलं की फॉर्म कोसळायचा. डेटाबेसच्या भाषेत तेच चिन्ह मजकूर संपल्याची खूण असतं, त्यामुळे ओ च्या पुढचं सगळं त्याला आज्ञा वाटायचं. ग्राहक आयर्लंडचे, आणि चाचणीच्या यादीत सगळे कुलकर्णी आणि पाटील!

रानवाटा

बिटबाइट, लय भारी. ओबामा २०११ मध्ये त्यांच्या आयरिश पूर्वजांच्या मनीगॉल गावी गेले होते, तेव्हा डब्लिनच्या भाषणात म्हणाले होते की आमच्या आडनावातलं ते चिन्ह वाटेत कुठे तरी पडलं, ते शोधायला आलोय. ओ'बामा!

केतकी_कॉर्क

काय एकेक माहिती! सगळ्यांचे आभार. एक शंका. आमच्या शेजारी भाऊ-बहीण राहतात, सख्खे. भावाच्या दारावर ओ ने सुरू होणारं आडनाव, बहिणीच्या पत्रांवर नी ने सुरू होणारं. हे काय?

व्यंजनसंधी

ओ म्हणजे नातू म्हटल्यावर मुलगी ओ कशी होईल? तिच्यासाठी नी, म्हणजे ओ-वाल्याची लेक. मॅकवाल्याची लेक निक. लग्न करून आलेल्या बायकोसाठी परत वेगळं रूप. आणि नी नंतर आडनावाचं पहिलं अक्षर सैल होतं, मघाचं टिंब परत आलं. गायिका एन्या घ्या. तिच्या घराण्याचं इंग्रजी आडनाव ब्रेनन, आयरिशमध्ये वडील ओ ब्रीनॉन, ती नी व्रीनॉन. एन्या हे इथना या नावाचं परक्यांना म्हणता यावं म्हणून केलेलं लिखाण.

इतिहासातलं उदाहरण ग्रानिया नी वॉल्या. पश्चिम किनाऱ्यावर तिची गलबतं होती, इंग्रज त्याला चाचेगिरी म्हणत. १५९३ मध्ये ती थेट ग्रीनिचला जाऊन पहिल्या एलिझाबेथ राणीला भेटली. इंग्रजी पुस्तकांत ती ग्रेस ओ'मॅली आहे. एका फटक्यात नाव बदललं, आणि ती लेक होती तिचा नातू करून टाकला.

सह्याद्रीची_लेक

व्यंजनसंधी, शेवटचं वाक्य वाचून थांबले. आपल्याकडे लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या बायकांचे जुने कागद शोधताना काय होतं ते मी आजीच्या बाबतीत बघितलंय. शाळेचा दाखला एका बाईचा, सातबारा दुसऱ्याच बाईचा, माणूस एकच. निदान आयरिश भाषेत मुलगी ही मुलगी म्हणून आडनावात दिसते. मला आवडलं ते.

मुठेकाठी

आता फिट्झवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पुण्यातला बंडगार्डनचा जुना पूल, त्याचं कागदोपत्री नाव फिट्झगेराल्ड पूल. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट, तोही फिट्झगेराल्ड घाट. १८६७ ते १८७२ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या सेमूर फिट्झगेराल्डांवरून. फिट्झ हे नॉर्मन फ्रेंच, अर्थ मुलगा. गेराल्डचा मुलगा. १२व्या शतकात हे लोक आयर्लंडात उतरले आणि पुढे तिथल्या राजकारणावर राज्य केलं. फिट्झरॉय म्हणजे राजाचा मुलगा, पण बहुधा अनौरस.

एकच अपवाद लक्षात ठेवा, फिट्झपॅट्रिक. ते नॉर्मन नाहीत, अस्सल गेलिक. मूळ 'मॅक गिला फॉद्रिग', पॅट्रिकच्या सेवकाचा मुलगा. फिट्झ नंतर चिकटवलाय.

आणि पुणेकर रोज ज्याचं नाव घेतात ते फर्ग्युसन! गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन (१८८० ते १८८५), त्यांच्या नावाने १८८५ चं कॉलेज. फर्गसचा मुलगा. माणूस स्कॉटिश, पण फर्गस हे नाव आयर्लंड आणि स्कॉटलंड दोघांचं.

व्यंजनसंधी

मुठेकाठी, फर्गसवर थोडं अजून. त्याचे दोन तुकडे, फर आणि गस. गस म्हणजे जोम, ताकद. फर म्हणजे पुरुष, आणि हा शब्द आपल्या 'वीर'चा सख्खा भाऊ. लॅटिनमध्ये तो विर, जुन्या आयरिशमध्ये फेर, संस्कृतात वीर. गुडलक चौकातून फर्ग्युसन रस्त्याला वळताना तुम्ही एका वीराचं नाव घेताय.

ज्ञानपिपासू_७२

म्हणजे मूळ संस्कृतच झालं की! मी कुठेतरी वाचलं होतं की आयरिश नावं सगळी संस्कृतातून गेली आहेत. तारा टेकडी म्हणजे आपली तारा, नील म्हणजे निळा, किअरन म्हणजे किरण.

व्यंजनसंधी

नाही काका, असं नाही. वीर आणि फेर भाऊ आहेत, बाप-लेक नाहीत. दोघांचा पूर्वज एक, त्याहून जुना. तसंच आयरिश री म्हणजे राजा, आणि आपला राजा, हेही भाऊ. रोरी या नावात तो आहे : लाल राजा, तांबड्या केसांचा. हे नातं भाषाशास्त्राने ध्वनी जुळवून पक्कं केलेलं आहे.

पण नुसतं ऐकायला सारखं आहे म्हणून नातं जोडलं की घोटाळा होतो. तारा टेकडीचं मूळ नाव 'त्याउर'. तिचा आकाशातल्या ताऱ्याशी संबंध नाही. नीलचं मूळ आयरिश नियाल, त्याचा अर्थ कुणी ढग लावतं, कुणी शूर लढवय्या, निळा कुणीच नाही. आणि किअरन तर उलटाच! किअर म्हणजे काळा. किअरन म्हणजे छोटा सावळा. आपला किरण उजेडाचा, त्यांचा किअरन कृष्णाचा.

फुलपाखरू_दादर

किरण आणि किअरन जुळे भाऊ असले तर आईने काय मस्त जोडी लावली म्हणायची.

गोदातीर

हलकंफुलकं चाललंय त्यात जरा गंभीर लिहितो, कारण या नावांवर कायद्याने हात घातला गेलाय आणि ते विसरता येत नाही.

१३६६ च्या किलकेनीच्या कायद्याने आयर्लंडमधल्या इंग्रजांना बजावलं की आयरिश नावं घ्यायची नाहीत, आयरिश बोलायचं नाही. म्हणजे ते घेत होते! मग १४६५ मध्ये उलट बाजूने फर्मान. डब्लिनच्या आसपासच्या इंग्रजी अंमलातल्या आयरिश माणसाने इंग्रजी आडनाव घ्यावं. कायद्यात नमुनेही दिले होते : एखाद्या गावाचं नाव, जसं ट्रिम किंवा कॉर्क, एखादा रंग, जसं व्हाइट, ब्लॅक, ब्राउन, एखादा धंदा, जसं स्मिथ, कार्पेंटर, नाहीतर कुक, बटलर असं काही काम. आडनाव कसं असावं याचा सरकारी तक्ता.

पुढे १७व्या-१८व्या शतकात ओ आणि मॅक गळत गेले. ते लावून नोकरी, जमीन मिळणं अवघड होतं. काहींनी भाषांतर केलं. गावा म्हणजे लोहार, म्हणून मॅक गावनचे स्मिथ झाले. वरच्या यादीत पाचवा स्मिथ आलाय त्यातले कित्येक हे. सीर म्हणजे कारागीर, सुतार, पण त्याचा दुसरा अर्थ मुक्त. म्हणून एकाच आयरिश आडनावाचे कुणी कार्पेंटर झाले, कुणी फ्रीमन. गॉलवेकडच्या मॅक कॉनरीत शेवटी री ऐकू आला, म्हणून ते किंग झाले.

१८९३ मध्ये आयरिश भाषा जपणारी गेलिक लीग ही संस्था स्थापन झाली आणि लोक आयरिश नावं परत लावू लागले. डोनेगॉलच्या नियाल मॅक गिला व्रीदे या माणसाने आपल्या गाडीवर स्वतःचं नाव आयरिश अक्षरांत लिहिलं. कायदा असा की मालकाचं नाव गाडीवर वाचता येईल असं हवं. पोलिसांचं म्हणणं, आयरिश अक्षरं म्हणजे वाचता न येणारी. खटला भरला. १९०५ मध्ये त्याच्या बाजूने वकील म्हणून उभा राहिला पॅट्रिक पिअर्स, जो पुढे १९१६ च्या उठावाचा नेता झाला आणि गोळ्या झेलून मेला. खटला ते हरले. स्वतःच्या गाडीवर, स्वतःच्या देशात, बापाने ठेवलेलं नाव लिहिलं हा गुन्हा.

सह्याद्रीची_लेक

गोदातीर, फार ताकदीचं लिहिलंत.

वसईचा_वारा

मुठेकाठींच्या गिला वरून एक जोड. आमच्या वसईत पॅट्रिक, ब्रिजेट ही नावं बरीच, म्हणून मी हे शोधलं होतं. जुन्या आयर्लंडात संताचं नाव मुलाला थेट ठेवणं धाडस मानत. पॅट्रिक नाही, पॅट्रिकचा सेवक. ब्रिजिडचा सेवक, तोच गोदातीरांच्या गाडीवाल्याचा गिला व्रीदे, इंग्रजीत मॅकब्राइड. मेरीच्या बाबतीत तर आजही आयरिशमध्ये दोन रूपं आहेत. येशूची आई मुरा, आणि घरातली मुलगी मॉरा. आईसाठी एक रूप राखून ठेवलं, ते दुसऱ्या कुणाला नाही.

पणजीची_पोर

आमच्या गोव्याच्या आडनावांनाही असाच इतिहास आहे. बाप्तिस्मा झाला की धर्मगुरूचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळायचं. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा. शेवटचा 'इस' म्हणजे तुमचा मॅकच. म्हणून एका गावात सगळे फर्नांडिस असले तरी नातेवाईक असतीलच असं नाही. आमच्याकडे सोयरीक जुळवताना लोक आडनाव ऐकत नाहीत, वाडा कुठला ते विचारतात.

सिॲटलचा_सुधीर

अमेरिकेत तर न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, जिथे बाहेरून येणाऱ्यांची तपासणी व्हायची, तिथल्या अधिकाऱ्यांनी नावांची वाट लावली. नीट ऐकू आलं नाही की वाटेल ते लिहून मोकळे.

गोदातीर

सुधीरराव, ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण तसं घडत नव्हतं. अधिकारी नाव लिहीतच नसत. बोट सुटताना तिकडच्या बंदरात जी यादी झालेली असे, तिच्यावर ते खुणा करत. नावं पुढे लोकांनी स्वतः बदलली, नोकरीसाठी, शेजाऱ्यांसाठी, मुलांना शाळेत त्रास नको म्हणून. १ जानेवारी १८९२ ला ते केंद्र उघडलं तेव्हा पहिली उतरलेली मुलगी कॉर्कची होती, ॲनी मूर. केतकीच्या गावची.

यॉर्कशायरची_यमुना

इंग्रजीवाले सगळे कुठे गेले? मी नवऱ्याच्या कामामुळे लीड्सला असते, कापडाचा मुलूख, म्हणून तिथूनच सांगते.

विणून झालेलं लोकरीचं कापड घट्ट व्हावं म्हणून ते पाण्यात तुडवायचे. हे काम करणारा दक्षिण-पूर्वेला फुलर, नैर्ऋत्येला टकर, आणि आमच्या उत्तरेला वॉकर. अक्षरशः पायाने तुडवायचा म्हणून वॉकर. काम एक, आडनावं तीन, आणि आडनावावरून पूर्वज कुठल्या दिशेचा याचा अंदाज बांधता येतो. वेबस्टर आणि बॅक्स्टर बघा, विणणारी आणि पाव भाजणारी. शेवटचा 'स्टर' मुळात बायकांसाठी होता, म्हणजे त्या आडनावांच्या मुळाशी एक कमावती बाई असू शकते. फ्लेचर बाण करणारा, कूपर पिंपं करणारा, चँडलर मेणबत्त्यांचा. बाकी लोहार, सुतार, पाटील, कुलकर्णी आपल्याकडेही आहेतच, त्यामुळे हे चटकन कळतं.

बापावरून आलेल्यांत मला लाडाची नावं आवडतात. डिक हे रिचर्डचं लाडाचं, म्हणून डिक्सन. वॉल्टरचं वॉट, म्हणून वॉटसन. गिल्बर्टचं गिब, म्हणून गिब्सन. जणू आडनावच 'बंड्याचा मुलगा'. नेल्सन म्हणजे नेलचा, म्हणजे नीलचा मुलगा. तो नील वर आलेला आयरिश नियालच! इंग्रजांच्या सगळ्यात लाडक्या आरमारी सेनापतीच्या आडनावात आयरिश नाव. वेल्सवाल्यांनी तर मुलगा हा शब्द आडनावातच मुरवला. त्यांचा 'अप' म्हणजे मुलगा, म्हणून अप रीसचे प्राइस, अप हाउएलचे पॉवेल.

व्यक्तिनावांचं थोडक्यात. १०६६ ला नॉर्मन आले आणि विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री घेऊन आले. जुनी इंग्रजी नावं काही पिढ्यांतच मागे पडली. एडवर्ड (संपत्तीचा राखणदार) वाचलं ते संत मानल्या गेलेल्या राजामुळे. तिसऱ्या हेन्रीची त्याच्यावर भक्ती होती, म्हणून १२३९ ला झालेल्या मुलाचं नाव त्याने एडवर्ड ठेवलं, आणि ते राजघराण्यात कायम झालं.

रानवाटा

इंग्लंडच्या प्युरिटन (कट्टर प्रोटेस्टंट) लोकांची नावं राहिली की. १६५३ च्या पार्लमेंटला ज्याच्या नावाने ओळखतात त्या सदस्याचं नाव होतं 'देवाची-स्तुती-करा' बेअरबोन! आणि १६२० ला मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला गेलेल्या ब्रूस्टर घरातली दोन पोरं, एकाचं नाव लव्ह आणि दुसऱ्याचं रेसलिंग.

मुठेकाठी

रेसलिंग कोल्हापुरात जन्माला यायला हवा होता. पेठेत डोक्यावर घेतला असता.

करवीरकन्या

इथे हजर आहे! खासबागेत बसवून खुराक चालू केला असता.

सह्याद्रीची_लेक

हसता हसता केतकीचा मूळ प्रश्न राहिला बघा. दोन्हीकडे चालणारं नाव. मुलगा झाला तर नील. व्यंजनसंधींनी सांगितलंच आहे की मूळ वेगळं, पण म्हणायला दोन्हीकडे सोपं आणि दोन्हीकडे स्वतःचं.

यॉर्कशायरची_यमुना

नीलला माझंही मत. मुलगी झाली तर तारा किंवा मीरा. तारा तिकडे टेकडीमुळे ओळखीचं, आपल्याकडे आकाशातलं. माझ्या भाचीचं नाव ऋग्वेदी आहे, अर्थ सुंदर, पण इथल्या दवाखान्यात रोज नवा उच्चार ऐकते बिचारी.

वसईचा_वारा

आयरिश घरांत जुनी रीत आहे, पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. मुलींना तसंच आज्यांचं. आपल्याकडेही आजोबांचं नाव नातवाला ठेवतातच. आजोबा-आजीचं नाव तिथे उच्चारता येण्यासारखं असेल तर ते का नको?

व्यंजनसंधी

वसईचा_वारा यांचं म्हणणं पटलं. आणि आयरिश नावच आवडत असेल तर मुलीसाठी ऑन्या विचारात घ्या, अर्थ तेज, झगमगाट. एका आयरिश देवतेचं नाव आहे, आणि मराठी कानाला अनया-अनन्याच्या जवळ लागतं. रोशीन (छोटं गुलाब) सुद्धा आजीला सहज म्हणता येईल.

एका गोष्टीत मात्र मी आग्रही आहे. नाव कुठलंही ठेवा, स्पेलिंग त्या भाषेच्या नियमाने ठेवा. तीन-चार वर्षांची मुलं कुठलाही उच्चार शिकतात आणि शाळेतल्या बाई तर त्याहून लवकर. टीशॉख हा शब्द त्यांना येतो, त्यांना ज्ञानदाही येईल.

केतकी_कॉर्क

किती प्रेमाने लिहिलंत सगळ्यांनी! माझ्या आईच्या आईचं नाव ताराबाई. ती साताऱ्याची, सगळी भावंडं तिने शिकवली. वसईचा_वारा यांचा प्रतिसाद वाचल्यावर मी आणि नवऱ्याने एकाच वेळी तेच नाव घेतलं. मुलगी झाली तर तारा, मुलगा झाला तर नील. रविवारी फोनवर सासूबाईंना दोन्ही सांगितली, दोन्ही पसंत.

आता कागदाचं विचारते. इथे जन्मनोंदणीत मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव घालावं का? आणि आयरिश दीर्घाची रेघ असलेलं नाव सरकारी कागदावर टिकतं का?

डब्लिनवासी

केतकी, आमच्याकडे दोन्ही मुलं इथेच झाली म्हणून सांगतो. बाळ झाल्यावर तीन महिन्यांच्या आत नोंदणी करायची. मधलं नाव घालायची सक्ती नाही. आम्ही पहिल्याला घातलं, आणि शाळेच्या यादीत त्याच्या नावाआधी माझंच नाव वाचलं जायला लागलं, म्हणून धाकटीला नाही घातलं. भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) यांचा विचार असेल तर सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर एकसारखं ठेवा, नाहीतर पुढे शपथपत्रं करत बसावं लागतं. दीर्घाची रेघ जन्मदाखल्यावर लिहिता येते, पण विमानाच्या तिकिटावर आणि बँकेत ती गळते. तारा आणि नीलला तो प्रश्नच नाही.

आणि वेळ मिळाला तर १९०१ आणि १९११ ची आयरिश जनगणना नॅशनल अर्काइव्हजने इंटरनेटवर फुकट ठेवली आहे, ती बघा. त्याआधीच्या बहुतेक जनगणना हाती नाहीत. काही सरकारनेच नष्ट केल्या, काही १९२२ च्या आगीत गेल्या. १९११ च्या कागदांवर घरच्या कर्त्याने स्वतःच्या हाताने भरलेली नावं दिसतात, आणि त्यात कुणी-कुणी सगळा अर्ज आयरिशमध्ये भरलाय. तुमच्या रस्त्याचं नाव टाका, तुमच्या घरात तेव्हा कोण राहत होतं तेही कदाचित सापडेल.

गोदातीर

डब्लिनवासी, ही माहिती माझ्याही कामाची. केतकी, सापडलं तर इथे टाका, त्या घरातल्या आडनावांवरून पुढची चर्चा करू.